दोन गच्च्यांमधलं आकाश

आजचा विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. एका संस्थेच्या दोन इमारती आहेत, मध्ये रस्ता आहे. एका इमारतीत इंटरनेटची फायबर केबल आलेली आहे, दुसरीत नाही. अंतर असेल दीडशे मीटर. ही दुसरी इमारत जोडायची कशी? इगतपुरीतल्या आमच्या एका परिचितांपुढे हा प्रश्न होता. तंत्रज्ञ मंडळींनी दोन मिनिटांत सांगितलं: दोन्ही गच्च्यांवर एकेक छोटी छत्री बसवा, एकमेकींकडे तोंड करून. खोदकाम नको, खांब नकोत. संपला विषय.

आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाचा विषय तिथे सुरू होतो. खालचा रस्ता नगरपरिषदेचा, कडेचे खांब वीज कंपनीचे. मग त्या दोन छत्र्यांच्या मधली जी दीडशे मीटर हवा आहे, ती कोणाची?

या प्रश्नाला एकशे तीस-चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक गंमत आहे. विसाव्या शतकाचा बराच काळ दूरच्या माणसाशी बोलायला बिनतारी आणि जवळच्याशी बोलायला तार, अशी वाटणी होती. आज नेमकं उलट झालेलं आहे. लंडनशी आपण बोलतो ते समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून. ती केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येते. आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात चित्र पाठवतो ते हवेतून. ही उलथापालथ का झाली, आणि जवळच्या जवळ हवेतून जोडणं इतकं उशिरा का आलं, हे आज आपण पाहणार आहोत. तंत्र उशिरा आलं म्हणून, हे उत्तर तुमच्या मनात असेल तर ते थोडा वेळ बाजूला ठेवा.

सुरुवात वॉशिंग्टनपासून करू. साल १८८०. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर यांनी एक यंत्र केलं, त्याला नाव दिलं फोटोफोन. टेंटर एका शाळेच्या, फ्रँकलिन स्कूलच्या, गच्चीवर उभे राहिले. बेल आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत. मधलं अंतर २१३ मीटर. टेंटर एका पातळ आरशामागे बोलत. आवाजाने आरसा थरथरे, त्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश कमीजास्त होई. पलीकडे अंतर्वक्र आरसा तो प्रकाश गोळा करून सेलेनियमच्या तुकड्यावर टाकी आणि टेलिफोनच्या कर्ण्यातून आवाज येई. टेंटर म्हणाले, ऐकू येत असेल तर खिडकीशी येऊन टोपी हलवा, आणि बेलनी टोपी हलवली. दोन शेजारच्या इमारती बिनतारी जोडल्या गेल्या, त्याही बोलक्या आवाजाने. मार्कोनीचं नाव कोणाला माहीत व्हायच्या पंधरा वर्षं आधी. बेल स्वतः या शोधाला टेलिफोनपेक्षा मोठा मानत.

मग तो चालला का नाही? इगतपुरीच्या माणसाला हे सांगायला नको. आषाढात सकाळी खिडकी उघडली की समोरचं घर गायब असतं. आपल्याकडे धुकं येतं ते पाहुण्यासारखं येत नाही, मुक्कामालाच येतं. प्रकाशाच्या किरणाला धुक्याचा कण म्हणजे भिंत. रेल्वेने हे फार लवकर ओळखलं होतं. थळ घाटातून चढून गाडीचा मार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला तो १८६५ मध्ये, सदतीसास एक असा चढ. अशा ठिकाणी सिग्नलचा दिवा दिसला नाही तर काय करायचं? रुळावर फटाके लावायचे. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाका होतो आणि चालकाला कळतं की पुढे सिग्नल आहे. डोळा निकामी झाला की कानाला कामाला लावायचं, ही युक्ती आजही रेल्वेत आहे. बेल यांच्याकडे धुक्यासाठी अशी युक्ती नव्हती.

ती कलकत्त्यात सापडली, आणि इथे आम्ही थोडं रेंगाळणार आहोत.

जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. १८९४ च्या सुमारास त्यांनी विद्युत्लहरींवर काम सुरू केलं. हर्ट्झच्या प्रयोगातल्या लहरी लांब होत्या, मीटरच्या हिशेबातल्या. बोस यांनी विचार केला की प्रकाशाशी साम्य तपासायचं तर लहर लहान हवी. त्यांनी ती खाली आणली पाच मिलिमीटरपर्यंत. आपल्या आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लहान लहरीचा फायदा असा की तिला हाताळायला लहान वस्तू पुरतात. बोस यांची साधनं टेबलावर मावत. लहरी गोळा करायला नळकांड्यासारखं नरसाळं, तेच पुढे हॉर्न अँटेना म्हणून ओळखलं गेलं. पिळलेल्या तागाच्या जुड्यांमधून लहर कशी फिरते हे त्यांनी तपासलं. आणि या लहरींच्या कंपनाची दिशा निवडायला त्यांनी काय वापरलं? ब्रॅडशॉ! म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. जाडजूड पुस्तक, शेकडो पानं एकावर एक. एका दिशेची लहर जाते, आडवी अडते. इगतपुरीत बसून हे सांगताना आम्हाला जरा जास्तच आनंद होतो, कारण या गावाच्या चार पिढ्या त्या वेळापत्रकावर जगल्या आहेत.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. पंचाहत्तर फुटांवरून, मधल्या भिंती ओलांडून, घंटा वाजवली आणि बारूद उडवून दाखवली. याच्याबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. ज्याच्याबद्दल फारसं ऐकत नाही ती पुढची योजना आहे. बोस यांना आपल्या घराच्या आणि कॉलेजच्या छपरावर खांब उभारून या दोन इमारती बिनतारी संदेशाने जोडायच्या होत्या. अंतर सुमारे एक मैल. हे आपल्याला कळतं पॅट्रिक गेडिस यांच्या चरित्रग्रंथातून. तेच गेडिस, जे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. बोस यांचं त्यांनी लिहिलेलं चरित्र १९२० चं. पण १८९६ मध्ये बोस इंग्लंडला गेले आणि तो दुवा राहून गेला. परत आल्यावर काही वर्षांत त्यांचं मन वनस्पतींकडे वळलं.

आता इथे आपल्याकडे लगेच एक सूर लागतो, मार्कोनीने आमचं चोरलं वगैरे. आम्हाला त्यात रस नाही. मार्कोनीला अटलांटिक ओलांडायचा होता, त्याला लांब लहरी हव्या होत्या. बोस यांना घर आणि कॉलेज जोडायचं होतं. हे दोन वेगळे प्रश्न होते. जगाने मार्कोनीचा प्रश्न उचलला आणि बोस यांचा शंभर वर्षं फडताळात ठेवला. का, तर लांबच्या प्रश्नाला गिऱ्हाईक होतं: आरमार, साम्राज्य, वृत्तसंस्था, व्यापारी पेढ्या. घर ते कॉलेज या दुव्याला गिऱ्हाईक कोण?

याचा पुरावा आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात बीम पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. बीम म्हणजे लहर दाही दिशांना न उधळता एका दिशेने झोतासारखी सोडायची. संदेश पाठवणारं केंद्र खडकीला, घेणारं केंद्र दौंडला. ही सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली की समुद्री तारांच्या कंपन्या अडचणीत आल्या आणि दोनच वर्षांत साम्राज्यातल्या तारकंपन्या आणि बिनतारी सेवा यांचं एकत्रीकरण करावं लागलं. पण गंमत बघा. खडकीहून इंग्लंडला संदेश हवेतून जाई, आणि मुंबईच्या तार कार्यालयातून खडकीपर्यंत तो जाई खांबावरच्या तारेने! सात हजार किलोमीटर बिनतारी, दीडशे किलोमीटर तार. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, त्याचा हा सरकारी नमुना.

त्या काळी हे वेडेपणाचं नव्हतं. तार टाकायची तर मधली जमीन लागते. समुद्राच्या बाबतीत ते फार महाग पडतं. जमिनीवर सरकारला मोफत पडतं, कारण जमिनीवरून तार नेण्याचा अधिकार सरकारने कायद्याने स्वतःकडे घेतलेला होता. १८८५ चा भारतीय तार कायदा. तार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकमेव अधिकार सरकारचा. बाकीच्यांनी परवाना घ्यायचा. बिनतारी आली तेव्हा तीही त्यातच ओढली गेली. वर १९३३ चा बिनतारी तार कायदा आला, त्याने तर नुसतं बिनतारी यंत्र बाळगायलाही परवाना लागू लागला. आपल्यातल्या साठीच्या पुढच्यांना आठवत असेल, घरातल्या रेडिओचं लायसन्स असायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून त्या पुस्तकात तिकीट लावून आणायचं. गाणी ऐकायला परवाना! ऐंशीच्या दशकापर्यंत हे चालू होतं. आता विचार करा, जिथे ऐकायला परवाना लागत होता, तिथे दोन गच्च्यांवर पाठवायची यंत्रं कोण लावू देणार?

तेव्हा दोन इमारतींमधला दुवा अडला होता तो हवेच्या मालकीपाशी. आणि इथे आम्हाला आमच्या शास्त्राकडे वळण्याची परवानगी द्या.

वैशेषिकांनी शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण मानला. यात बिनतारी होतं असं कृपा करून कोणी म्हणू नये, व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नये. ध्वनी हवेच्या कंपनाने जातो, आकाशाचा तो गुण वगैरे काही नाही. पण त्या लोकांनी एक अडचण फार नेमकी पकडली होती. आकाश जर एक आहे, सर्वव्यापी आहे, अखंड आहे, तर तुमच्या कानात पडलेला शब्द माझ्या कानात का पडत नाही? त्यांचं उत्तर असं की आकाश तुटत नाही, पण उपाधीने मर्यादित होतं. कानाच्या पोकळीने मर्यादित झालेलं आकाश ते श्रोत्र. घडा ठेवला की घड्यातलं आकाश वेगळं भासतं, घडा फुटला की पुन्हा एकच. म्हणजे मर्यादा आकाशात नाही, घड्यात आहे.

लहरींच्या वाटपाचा सगळा कायदा हा घडे मांडण्याचा कायदा आहे. आकाशाची फाळणी कोणी करू शकत नाही. फाळणी होते ती आपण ठरवलेल्या उपाधींनी: वारंवारता किती, शक्ती किती वॉट, दिशा कोणती, अंतर किती. आणि एकदा हे मान्य केलं की मालकीचा प्रश्न बदलतो. आकाश कोणाचं, हा प्रश्न निरर्थक ठरतो. घडे कोणी आणि कोणासाठी मांडायचे, हा प्रश्न उरतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या फेब्रुवारीत या प्रश्नाला हात घातला. खटला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा, क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालचा. निकाल लिहिणारे एक न्यायमूर्ती आपले पी. बी. सावंत. त्यांनी सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी त्यात मोडली, हे सगळे सांगतात. आमच्या मते त्यातला अधिक खोल भाग हा की सार्वजनिक या शब्दाचा अर्थ सरकारी असा नाही, हे बोललं गेलं.

पण सार्वजनिक मालमत्ता दोन प्रकारची असते. एक, जिचा लिलाव करून पैसा सरकारजमा करायचा. दुसरी, गायरान. गायरानाचा लिलाव होत नाही, कोणाच्या नावावर सातबारा होत नाही, गावातल्या सगळ्यांची गुरं तिथे चरतात, फक्त काही नियम पाळायचे. आणि गायरान म्हणून गाव कोणती जमीन सोडतं? बहुतेक वेळा जी पिकाला फारशी चांगली नाही ती.

लहरींच्या बाबतीत अगदी हेच घडलं. अमेरिकेत १९८५ मध्ये तिथल्या नियामकाने काही पट्टे विनापरवाना वापराला मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. तो का दिला? कारण तो आधीच नासलेला होता. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे त्यात कायम खरखर. मोठ्या कंपन्यांना तो नको होता. त्या पडीक जमिनीत १९९७ मध्ये पहिलं वायफायचं प्रमाण आलं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ मोकळा झाला जानेवारी २००५ मध्ये, ५.८ च्या वरचा छोटा तुकडा २००७ मध्ये, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा, सगळं मिळून ६०५ मेगाहर्ट्झ, ऑक्टोबर २०१८ मध्ये. आज दोन गच्च्यांवर ज्या छत्र्या लावायच्या त्या बहुतेक या २०१८ च्या गायरानात चरणाऱ्या. १८८५ आणि १९३३ चे ते जुने कायदे रद्द करणारा दूरसंचार कायदा आला तो त्यानंतर, २०२३ मध्ये.

गायरान असणं आणि नसणं यात काय फरक पडतो, याचं उदाहरण लांब नाही, पालघर जिल्ह्यात आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राममार्ग नावाचा प्रकल्प तिथे केला. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर येईल, पण पाड्यांपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न. आधी त्यांनी सात गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांचा वापर करून पाहिला. या लहरी झाडाझुडपांतून, टेकडीच्या आडूनही बऱ्यापैकी पोचतात, म्हणजे आपल्या डोंगराळ मुलखाला आदर्श. पण तो पट्टा विनापरवाना नाही. प्रयोगापुरती परवानगी मिळते, कायमची व्यवस्था उभी राहत नाही. पुढे पंचवीस गावांचं जाळं उभारताना त्यांनी ५.८ गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा घेतला. भौतिकशास्त्राने कमी सोयीचा, कायद्याने सोयीचा. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पारितोषिकही मिळालं. आम्हाला मात्र त्या पारितोषिकापेक्षा ही पट्टा बदलण्याची गोष्ट जास्त बोलकी वाटते.

आता बोस यांच्या ६० गिगाहर्ट्झकडे येऊ.

हा पट्टा अभियंत्यांनी अनेक वर्षं दूर ठेवला, कारण हवेतला ऑक्सिजन नेमका त्याच लहरी खातो. एका किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल, म्हणजे बाकी सगळं सोडा, नुसत्या ऑक्सिजनमुळे ऊर्जेचा तिसावा हिस्सा उरतो. कलकत्त्याचा तो मैल बोस यांना पाच मिलिमीटरच्या लहरींनी गाठता आला असता का, याची आम्हाला शंकाच आहे. त्यांना कदाचित लांब लहरी घ्याव्या लागल्या असत्या. पण दीडशे मीटरला हाच दोष गुण होतो. लहर शेजारच्या गच्चीपर्यंत पोचते आणि पुढे विरून जाते. त्यामुळे पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या कोणी तीच लहर वापरली तरी एकमेकांना उपद्रव नाही. जागा मुबलक, म्हणून वेग मोठा, सेकंदाला एक गिगाबिट आणि त्याहून जास्त. शेजारधर्मासाठीच जणू ही लहर घडवलेली. अमेरिकेने ती १९९५ मध्ये विनापरवाना केली. बोस यांच्या टाउन हॉलच्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षं होत होती, आणि सावंतांचा निकालही त्याच वर्षीचा.

इगतपुरीचा माणूस विचारील, पावसाचं काय? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावाने हे विचारलंच पाहिजे. धुक्याची फार भीती नाही; धुक्याचा कण या लहरीपुढे फारच बारीक, बेलचा प्रकाश जिथे अडला तिथून ही पार होते. पावसाचा थेंब मात्र मिलिमीटरच्या मापाचा, लहरही मिलिमीटरची, त्यांची गाठ पडते. ताशी शंभर मिलिमीटरची सर धरली तर किलोमीटरला अंदाजे ३० डेसिबल आणखी जातात. एक किलोमीटरवर ऑक्सिजन आणि पाऊस मिळून पंचवीस-तीस हजारांत एक भाग उरेल. दुवा तुटला म्हणून समजा. दीडशे मीटरवर पाचवा हिस्सा उरतो, आणि तेवढा पुष्कळ झाला. ५ गिगाहर्ट्झला तर पावसाची दखलही घ्यावी लागत नाही. म्हणून जाणकार लोक दोन्ही लावतात, वेगासाठी ६०, आणि ढगफुटीसाठी ५. खरी काळजी वेगळीच असते. उन्हाळ्यात नुसती समोरची गच्ची दिसली म्हणून छत्री लावली, आणि श्रावणात मधलं आंब्याचं झाड पालवलं, पाण्याने जड होऊन फांदी खाली आली, की दुवा गेला. दिसणं पुरत नाही. दृष्टिरेषेच्या भोवती थोडी मोकळी जागा लागते, ५ गिगाहर्ट्झला मध्यावर दीडेक मीटर, ६० ला अर्धा मीटर. शिवाय ६० चा झोत सुईसारखा अरुंद. घाटावरच्या वाऱ्यात खांब डुलला तर सुई चुकते. तेव्हा खांब चांगला ताणून बांधा, आणि विजेसाठी अर्थिंग करा.

आता राहतो तो परवान्याचा प्रश्न. ६० गिगाहर्ट्झचा हा पट्टा खुला करावा, त्यावर हलकं नियमन ठेवावं, अशी शिफारस आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ मध्येच केली. त्यावरून दोन पक्ष पडले. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं, हा पट्टा आम्हाला टॉवर जोडायला हवा, तो आम्हालाच द्या; फुकट वाटलात तर आम्ही लिलावात मोजलेल्या पैशाचं काय? इंटरनेट आणि उपकरणं बनवणाऱ्यांचं म्हणणं, वायफायसारखा मोकळा ठेवा. पहिल्या पक्षाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. ज्याने पैसे मोजून शेत घेतलं त्याला शेजारचं गायरान खुपणारच. पण जी लहर स्वभावानेच दोनतीनशे मीटरपलीकडे फारशी जात नाही, तिचा देशव्यापी सातबारा कोणाच्या नावावर करणं म्हणजे विहिरीच्या सावलीचा लिलाव करण्यासारखं आहे, असं आम्हाला वाटतं. हा वाद दहा वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे. म्हणून आमच्या परिचितांना आम्ही तूर्त २०१८ च्या पट्ट्यातली उपकरणं, भारतात मान्यता मिळालेली, घ्यायला सांगितली आहेत. दोन कार्यालयं आणि एक वाचनालय त्यावर आरामात चालेल.

वेळ झालेली आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर केलेला आम्हाला मघापासून दिसतो आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.